शॉर्ट फिल्मवर मत देताना: आधी तुम्हाला काय झालं ते सांगा

तुमचा प्रश्न असा आहे: मैत्रिणीच्या मुलानं चार मित्रांना हाताशी धरून, साठवलेल्या पैशातून 14 मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. लिंक पाठवून 'अगदी मोकळेपणानं सांगा' म्हणाला. बाप-लेक स्वयंपाकघरात एकमेकांशी एक शब्द न बोलता भांडी आवरतात, तो प्रसंग तुम्हाला फार आवडला. सुरुवात मात्र रेंगाळली, दोन ठिकाणी संवाद ऐकूच आले नाहीत आणि शेवटी मुलगा घर सोडून गेला की नाही ते कळलं नाही. तुम्हाला खोटं बोलायचं नाही, पोराचा हुरूपही घालवायचा नाही. शिवाय 'मी काही सिनेमातली नाही, मी कोण सांगणारी' ही शंका आहेच.

ती शंका आधी काढून टाका. मी 22 वर्षं फिल्म्सचं संकलन (एडिटिंग) करते आहे आणि त्यातला बराच वेळ अशाच, घरच्या पैशातून केलेल्या फिल्म्सवर गेला आहे. आम्हा लोकांना शॉट कुठे जोडलाय ते आधी दिसतं, त्यामुळे गोष्टीत वाहून जाणं आम्हाला अवघड जातं. कुठे लक्ष उडालं, कुठे गळा दाटून आला, हे तुमच्यासारख्या प्रेक्षकाकडूनच खरं कळतं. तुमची चारही निरीक्षणं कामाची आहेत. आता ती त्याच्या हाती कशी द्यायची एवढंच ठरवायचं आहे.

काही लिहिण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: फिल्म कुठल्या टप्प्यावर आहे? निम्मी मतं इथेच वाया जातात. रफ कट असेल, म्हणजे शॉट्स नुसते ओळीनं लावून पाहिलेले असतील, तर सगळंच बदलता येतं: प्रसंग पुढे-मागे करता येतात, अख्खा सीन काढता येतो, एखादा दिवस पॅच शूटही, म्हणजे राहून गेलेले थोडे शॉट्स नव्यानं घेणंही, करता येतं. एकदा पिक्चर लॉक झालं की चित्राची लांबी पक्की होते, कारण त्या लांबीवर साउंड, संगीत आणि कलरची माणसं कामाला लागतात. त्यानंतर 'तो सीन काढ' म्हणणं म्हणजे तिघांचं काम उसवणं. या टप्प्यावर आवाजाची पातळी, रंग, सबटायटल, श्रेयनामावली एवढंच बोलावं. आणि फिल्म पूर्ण होऊन महोत्सवांना गेलेली असेल, तर तुमचं मत या फिल्मसाठी उरलेलंच नाही. ते पुढच्या फिल्मसाठी आहे आणि त्याच शब्दांत सांगायला हवं.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. एका तरुण दिग्दर्शकाच्या खासगी शोनंतर मी त्याला अकरा मुद्दे सांगितले, त्यातले सहा निव्वळ संकलनाचे. फिल्मचं साउंड मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, होऊन ती तयार आहे का हे मी विचारलंच नव्हतं. तो सगळं लिहून घेत होता. नंतर कळलं की त्यानं लॉक केलेलं संकलन पुन्हा उघडलं, साउंड मिक्स पुन्हा करून घेतलं आणि पुढच्या फिल्मसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. माझे मुद्दे चुकीचे नव्हते, पण त्यांची वेळ टळून गेली होती. त्या दिवसापासून टप्पा विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

आता बघण्याबद्दल. फिल्म दोनदा बघा. पहिल्यांदा न थांबवता, वही न घेता, जमेल तितक्या मोठ्या पडद्यावर. मध्ये फोनकडे हात गेला तर तोही एक निष्कर्षच आहे, तो नेमका कधी गेला ते लक्षात ठेवा. संपल्यावर लगेच, दुसरं काही करायच्या आत, जे आठवतंय ते पाच-सात ओळींत लिहा. कोणती चित्रं डोळ्यांसमोर राहिली, गोष्ट काय होती, शेवटी काय वाटलं. ही पहिली नोंद सर्वांत मोलाची, कारण दिग्दर्शकाला ती स्वतःहून कधीच मिळत नाही. त्यानं प्रत्येक शॉट शेकडो वेळा पाहिलेला असतो. मुलगा घर सोडणार हे त्याला पहिल्या फ्रेमपासून ठाऊक असतं, त्यामुळे ते पडद्यावर खरंच दिसतंय का हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्यांदा बघताना थांबवत बघा आणि मिनिट-सेकंद लिहा. 'मध्ये जरा कंटाळा आला' यावर संकलकाला काही करता येत नाही. '3:40 ते 4:15 मध्ये माझं लक्ष उडालं' यावर लगेच करता येतं. दुसऱ्या वेळी हेडफोन लावा, आवाजाचं खरं रूप त्यातच कळतं.

आणि मग कमी बजेटच्या फिल्मसाठी सगळ्यात महत्त्वाचा पारखण्याचा भाग येतो. प्रत्येक उणिवेपुढे स्वतःला विचारा: ही पैशाची उणीव आहे की विचाराची? रात्रीच्या रस्त्यावर पुरेसे लाइट नव्हते, गर्दी दाखवायला माणसं नव्हती, एकच लेन्स होती, घर रिकामं करून मिळालं नाही, या पैशाच्या उणिवा. त्या दिग्दर्शकाला तुमच्या आधी माहीत असतात आणि रात्री झोपताना त्याच त्याला टोचत असतात. त्या पुन्हा सांगून काही साधत नाही. याउलट पात्राला नेमकं काय हवंय हे ठरवलेलंच नाही, एकच गोष्ट संवादातही सांगितली आणि शॉटमध्येही, एखादा प्रसंग संपल्यावरही वीस सेकंद चालू राहिला, संगीतानं रडायला सांगितलं तेव्हा पडद्यावर रडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. हे सुधारायला पैसा लागत नाही. तुमचा सगळा वेळ इथे खर्च करा. कमी पैशात फिल्म करणाऱ्याकडे विचार हीच एक गोष्ट मुबलक असू शकते, आणि तुम्ही विचारावर बोललात की तो तुम्हाला गंभीरपणे घेतो. कारण तुम्ही त्याला गंभीरपणे घेतलेलं असतं.

म्हणूनच 'बजेटच्या मानानं छान' हे वाक्य मला सहन होत नाही. त्यात फिल्म न पाहता केवळ परिस्थितीला दिलेले मार्क असतात. ज्यानं सहा महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस यात घातला त्याला ते लागतं. तो बोलून दाखवणार नाही एवढंच.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण अशा फिल्म्स सर्वांत जास्त तिथेच मार खातात आणि प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं हे सांगता येत नाही. चित्र जरा दाणेदार असलं, कॅमेरा हलला, तरी लोक चालवून घेतात, कित्येकदा ती शैली समजतात. संवाद ऐकू आला नाही की मात्र ते गोष्टीतून बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. तुम्हाला दोन ठिकाणी संवाद ऐकू आले नाहीत, तर नेमकं काय झालं ते ओळखायचा प्रयत्न करा, त्यावर उपाय अवलंबून असतो. बोलणं फक्त बारीक होतं का? मग पातळी वाढवता येईल. संगीताखाली दबलं होतं? हे तर सर्वांत सोपं, संगीत खाली घ्यायचं किंवा तेवढ्यापुरतं काढायचं. मागे पंख्याची एकसुरी घरघर होती? ती बऱ्यापैकी कमी करता येते. बोलणं रिकाम्या खोलीत घुमल्यासारखं होतं? हे अवघड आहे, कारण घुमणारा आवाज मूळ शब्दांत मिसळलेला असतो. बहुतेक वेळा तो कॅमेऱ्यावरच्या माइकनं लांबून घेतलेला असतो, आणि तो संवाद पुन्हा डब करणं हाच खरा उपाय उरतो. आणि आवाज फाटला असेल, म्हणजे ओरडताना माइकची मर्यादा ओलांडून करकरला असेल, तर तो सहसा परत मिळत नाही.

आणखी एक दोष असतो, जो कोणी बोलून दाखवत नाही पण सगळ्यांना जाणवतो. दोन माणसांचं संभाषण चालू आहे आणि प्रत्येक कटला मागची हवा बदलते: एका शॉटमध्ये लांबची वाहनं, दुसऱ्यात शांतता, पुन्हा वाहनं. प्रेक्षकाला 'काहीतरी हौशी वाटतंय' एवढंच कळतं. त्या जागेचा नुसता, कोणी न बोलता घेतलेला आवाज, ज्याला रूम टोन म्हणतात, तो संपूर्ण सीनखाली अंथरला आणि प्रत्येक कटवर आवाज काही फ्रेमनी एकमेकांत मिसळला की ते संभाषण एका खोलीत होतंय असं वाटायला लागतं. शूटिंगच्या दिवशी रूम टोन घ्यायला अर्धा-एक मिनिट लागतो आणि सगळे दमलेले असल्यामुळे तोच राहून जातो. मुलानं तो घेतला नसेल, तर टेक सुरू होण्याआधीची आणि 'कट' म्हणण्याआधीची शांतता शोधून त्यातून तो जुळवता येतो. हे त्याला नक्की सांगा. एका संध्याकाळचं काम आहे आणि फिल्मचा चेहरा बदलतो.

चित्राबद्दल मी कमी बोलते. फोकस गेलेला शॉट परत येत नाही, पूर्ण पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही, दिव्यांचा फ्लिकर (लुकलुक) सहजी जात नाही. ते पुढच्या वेळेसाठी. दोन शॉट्सच्या रंगात फरक असेल तर तेवढं मात्र सांगा, ते कलर करेक्शनमध्ये जुळतं.

सुरुवात रेंगाळली असं तुम्हाला वाटलं, आणि न बघताही मला ते खरं वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रफ कटची हीच गत असते. गजर वाजतो, हात बाहेर येतो, दात घासणं, आरसा, खिडकी, रस्ता. दिग्दर्शक पात्राची ओळख करून देत असतो, पण पात्राची ओळख त्याच्या सवयींतून होत नाही, तो अडचणीत सापडल्यावर काय करतो यातून होते. मी स्वतः रफ कटवर एक प्रयोग नेहमी करते: पहिलं मिनिट झाकून फिल्म तिथून पुढे लावते आणि बघते की काय कळेनासं झालं. बऱ्याचदा काहीच नाही. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट गणली जाते, पण म्हणून 40 मिनिटं वापरायची मुभा मिळत नाही. महोत्सवात शॉर्ट फिल्म्सचा एकेक गट ठरावीक वेळात बसवलेला असतो. 20 मिनिटांची फिल्म घ्यायची तर 10 मिनिटांच्या दोन बाहेर ठेवाव्या लागतात. निवड करणारा हा हिशेब मनात करतोच. तुम्ही त्याला 'सुरुवात काप' असं सांगू नका, पण 'माझ्यासाठी गोष्ट 1:50 ला, बापानं दार लावल्यावर सुरू झाली' एवढं जरूर सांगा.

इथे माझा मुख्य मुद्दा आला. तुम्हाला काय झालं ते सांगा, उपाय त्याचा त्याला शोधू द्या. उपाय सांगायला सुरुवात केली की आपण नकळत आपली फिल्म करायला लागतो. शिवाय आपल्याला जिथे दुखतं तिथेच रोग असतो असं नाही. शेवट कळला नाही, याचं कारण शेवटच्या सीनमध्ये असेलच असं नाही. मुलाची बॅग पहिल्यांदा दिसते तो शॉट कदाचित एक सेकंदच टिकला असेल. किंवा त्याला तिकीट मिळालंय हा संवाद नेमका तुम्हाला ऐकू न आलेल्या दोनांपैकी एक असेल! तुम्ही 'शेवटी स्टेशनवरचा एक शॉट टाक' म्हणालात, तर तो बिचारा सगळं सामान घेऊन स्टेशनवर जाईल, आणि खरा दोष होता चौथ्या मिनिटाच्या आवाजात.

नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये मतं देण्याची एक पद्धत मांडली, ती नाटक-सिनेमावाल्यांनीही उचलली आहे. तिचे चार टप्पे आहेत. आधी पाहणाऱ्यांनी काय भिडलं, काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगायचं. मग कलाकारानं आपल्याला पडलेले प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांत मत लपलेलं नाही असे. आणि शेवटी 'अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?' असं विचारून, हो म्हटलं तरच मत द्यायचं. माझ्या अनुभवात तिसरा टप्पा सर्वांत अवघड. 'सुरुवात इतकी लांब का ठेवलीस?' हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. 'पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला बापाबद्दल काय कळावं असं तुला वाटत होतं?' हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देताना मुलगा स्वतःच म्हणेल, 'अरे, ते तर पुढे येतंच.'

अभिनयाबद्दल बोलताना विशेष सांभाळा. अशा फिल्म्समध्ये काम करणारे मित्र असतात, नातेवाईक असतात, पैसे न घेता आलेले असतात. त्यांच्यासमोर कुणाच्याही कामावर बोलू नका. दिग्दर्शकाशी एकट्याशी बोला आणि 'तो मुलगा वाईट काम करतो' असं न म्हणता 'बापानं ओरडल्यावर मुलाला काय वाटलं हे 9:05 ला मला कळलं नाही' असं सांगा. कारण अभिनय वाटतो तितका नटाच्या हातात नसतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांच्या शेजारी ठेवला की प्रेक्षक त्यात वेगवेगळ्या भावना वाचतात. मी कित्येक 'वाईट' कामं नुसत्या कटनं वाचवलेली आहेत: संवाद समोरच्याच्या चेहऱ्यावर टाकायचा, प्रतिक्रिया अर्धा सेकंद आधी तोडायची, नट अवघडलाय तिथे वाइड, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटवर जायचं. 24 फ्रेमच्या सेकंदात सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद, आणि तेवढ्यानं खोटं वाटणारं रडणं आवरलेलं रडणं होऊन जातं.

मुद्दे खूप असतील तर कोणते ठेवायचे? ख्यातनाम संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष वजनासह मांडलेत. भावनेला 51 टक्के, गोष्टीला 23, लयीला 10, आणि प्रेक्षकाची नजर, पडद्याची सपाट रचना, प्रत्यक्ष जागेचं भान या तिघांना मिळून उरलेले 16. कप एका शॉटमध्ये डाव्या हातात आणि दुसऱ्यात उजव्या हातात असणं या शेवटच्या भागातलं आहे. नवखे समीक्षक सगळ्यात आधी तोच कप पकडतात, कारण तो सापडतो आणि सापडल्याचं समाधान मिळतं. मी हा क्रम मतांनाही लावते. भावना तुटली असेल तर ते आधी. ती पोचत असेल तर कप राहू द्या. आणि काहीही झालं तरी तीन-चार मुद्द्यांच्या पुढे जाऊ नका. बारा मुद्द्यांच्या यादीत माणसाला महत्त्वाचं काय ते ओळखता येत नाही, तो सगळ्यात सोपं तेवढं दुरुस्त करतो.

कौतुकालाही मिनिट-सेकंद लागतात. स्वयंपाकघराचा प्रसंग का आवडला ते शोधा. संवाद नव्हते म्हणून? भांड्यांचा आवाज वाढत जातो म्हणून? बाप शेवटचं ताट पुसून मुलाच्या हातात देतो तेव्हा कट उशिरा येतो म्हणून? हे सांगणं म्हणजे शिष्टाचार पाळणं नव्हे. दिग्दर्शकाला आपली ताकद कशात आहे ते बहुधा ठाऊक नसतं, आणि पुढच्या कटमध्ये तो नेमकं तेच कापून टाकण्याची शक्यता असते. एका मुलीच्या फिल्ममधला सर्वांत सुंदर लांब शॉट तिनं 'संथ वाटतो' या एका सरसकट शेऱ्यामुळे अर्धा केलेला मी पाहिलाय. तो शॉट धरून ठेव असं तिला वेळेवर कुणीच म्हणालं नव्हतं.

आणि फिल्म मुळातच जमली नसेल तर? तुमच्या बाबतीत तसं नाही, तरी सांगून ठेवते. तेव्हाही खोटं बोलायची गरज पडत नाही. त्यानं काय करायला घेतलं होतं ते विचारा, तुमच्यापर्यंत काय पोचलं ते सांगा, आणि दोहोंतलं अंतर त्याला दिसू द्या. तो वाद घालू लागला, 'अहो, ते प्रतीक आहे' म्हणाला, तर पटवत बसू नका. 'मला ते पोचलं नाही' एवढं म्हणून थांबा. ही नोंद खोडून काढता येत नाही, आणि दुसरा-तिसरा प्रेक्षकही तेच म्हणाला की ती त्याच्या मनात पक्की होते.

फिल्म अजून रफ कट असेल असं धरून, मी तुमच्या जागी असते तर त्याला असं काहीतरी लिहिलं असतं (मिनिट-सेकंद आणि बारकावे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला):

'फिल्म दोनदा पाहिली. 6:10 ते 8:00, बाप-लेक भांडी आवरतात तो भाग अजून डोळ्यांसमोर आहे. ताट हातात दिल्यावर तू कट करायला वेळ घेतलास आणि मी श्वास रोखून बघत होते. त्याला हात लावू नकोस. माझ्यासाठी गोष्ट 1:50 ला, बाबांनी दार लावल्यावर सुरू झाली, त्याआधी मी वाट बघत होते. 4:20 ला संगीतामुळे मुलाचं वाक्य ऐकू आलं नाही आणि 9:05 ला बाबांचं ओरडणं घुमल्यासारखं वाटलं, शब्द लागले नाहीत. हेडफोन लावूनही तेच. शेवट पाहून तो मुलगा गेला की दारातून परत आला हे मला ठरवता आलं नाही. एक विचारायचंय: प्रेक्षकानं तिथे काय समजावं असं तुझ्या मनात होतं?'

शेवटच्या प्रश्नाचं त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचं काही लिहू नका.